घरी रेकॉर्ड केलेला अभंग मिक्स करतोय, टाळात बुवांचा आवाज बुडतोय, काय करू?

चिपळीवाला
नमस्कार मंडळी. आमचं छोटं भजनी मंडळ आहे, कराडच्या बाजूला. आषाढीच्या आधी एक अभंग यूट्यूबवर टाकायचा असं ठरलंय आणि मंडळात कॉम्प्युटर मलाच येतो म्हणून मिक्सिंग माझ्या गळ्यात आलंय. रेकॉर्डिंग घरच्याच खोलीत केलं, दहा बाय दहाची आहे. चार इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) मित्राचा आणला होता. ट्रॅक असे आहेत - बुवांचा आवाज, पेटी, पखवाजाला दोन माइक (एक शाईकडे, एक धुम्याकडे म्हणजे खर्जाच्या बाजूला), नंतर वरून दोन जणांनी दोनदा टाळ वाजवला ते दोन ट्रॅक, कोरसचे तीन, आणि मोबाइल अ‍ॅपमधला तानपुरा. रीपर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये करतोय, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ. बुवांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी त्यांचा सा.

आता प्रॉब्लेम. हेडफोनवर बरं वाटतं. गाडीत लावलं की नुसता टाळ, बुवा काय म्हणतायत तो शब्दच कळत नाही. फोनच्या स्पीकरवर लावलं तर पखवाज गायब. मी आवाजाला ३ किलोहर्ट्झवर ५ डीबी चढवून पाहिले तर आवाज पुढे यायच्या ऐवजी टोचायलाच लागला. व्हिडिओ बघावेत तर सगळे ड्रमकिट आणि इलेक्ट्रिक गिटारवाले, किक आणि स्नेअर सोडून बोलत नाहीत कुणी. टाळ-पखवाजाचं कुणी सांगेल का?

बिनपगारी_रसिक
टाळ खाली घे. फी गुगल पे कर.

फेडरमामा
वरच्याने थट्टा केलीय पण बरंचसं उत्तर तेच आहे राव.

चिपळीवाला, एक काम कर. सगळे प्लगइन (आवाजावर काम करणारे जोड-प्रोग्रॅम) बायपास म्हणजे तात्पुरते बंद कर, डिलीट नको करू. सगळे फेडर, म्हणजे ट्रॅकची लेव्हल वर-खाली करायच्या पट्ट्या, पार खाली. रीपरमध्ये मास्टर ट्रॅकवरच मोनोचं (डावं-उजवं एक करणारं) बटण आहे ते दाब. स्पीकरचा आवाज इतका बारीक ठेव की शेजारी बसलेल्याशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. आता आधी बुवांचा फेडर वर घे, शब्द न् शब्द कळेल इतका, आणि मग त्या फेडरला हात लावायचा नाही. त्याच्याखाली पखवाज आण, मग पेटी, मग कोरस, आणि टाळ सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलटं करतात, आधी ताल उभा करतात, तो मस्त दणदणीत वाटतो आणि मग आवाजाला जागाच उरत नाही, मग ईक्यूच्या (ठरावीक पट्ट्यातला आवाज चढवायच्या-उतरवायच्या साधनाच्या) मागे लागतात.

बारीक आवाज का, तर मोठ्या आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचं दोन्ही जास्त ऐकू येतं, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय. म्हणजे मोठ्याने लावलं की कुठलंही मिक्स भारीच वाटतं. बारीक करून बघितलं की खरं काय ते कळतं, कोण पुढे आहे कोण मागे.

आता टाळाचं. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सगळ्यात तीक्ष्ण असतो. शब्द कळतात ते व्यंजनांवरून आणि ती व्यंजनं बरीचशी याच पट्ट्यात आणि त्याच्या थोडी वर. टाळाचा ठणकाही इथेच सुरू होतो आणि पार कानाच्या वरच्या टोकापर्यंत जातो. त्यामुळे तू आवाजाला ३ किलोहर्ट्झवर चढवलंस तेव्हा जिथे आधीच गर्दी होती तिथे अजून एक माणूस ढकललास. शिवाय टाळ मीटरवर दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त, म्हणून मीटर बघून टाळाची लेव्हल ठरवायची नाही.

दोन टाळ ट्रॅक आहेत ना, चरणाला त्यातला एक म्यूटच कर. दोन माणसं दोनदा वाजवतात तेव्हा वीस-तीस मिलिसेकंद मागेपुढे होणारच, त्याने ठोका पसरतो आणि मध्ये शांतता अशी राहतच नाही, सतत एक खळखळ. उरलेला ट्रॅक चरणाला ४-५ डीबी खाली, ध्रुपदाला (परत परत येणाऱ्या ओळीला) थोडा वर, गजराला दोन्ही पूर्ण. फेडर ऑटोमेशनने कर, म्हणजे फेडर कुठे हलायचा ते आधीच नोंदवून ठेव. खऱ्या भजनात सुद्धा बुवा चरण म्हणायला लागले की समजूतदार टाळकरी हात आवरतातच की. हे एवढं केल्यावर मग ईक्यू उघड. टाळाला ४००-५०० हर्ट्झच्या खाली काही कामाचं नसतं, हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) लाव. वर ८ किलोहर्ट्झच्या पुढे शेल्फने (तिथून वरचं सगळं एकदम उतरवणाऱ्या ईक्यूने) २-३ डीबी उतरव. बास.

चिपळीवाला
मामा धन्यवाद, आज रात्री बसतो. एक विचारू का, हाय-पास सगळ्यालाच लावायचा का? सगळ्या व्हिडिओत म्हणतात की आवाजाला १२० ला लावा.

फेडरमामा
१२० कुणाच्या आवाजाला? काळी एक म्हणजे बुवांचा मध्य सा १३८-१३९ हर्ट्झला आला. मंद्र पंचम म्हणजे १०४ च्या आसपास. अभंग सुरू करायच्या आधी बुवा आलापात खर्जाकडे उतरत असतील तर १२० ला कापल्यावर नेमका तोच सूर पातळ होणार. ७०-८० ला लाव आणि डोळे मिटून ऐक, काही गेल्यासारखं वाटलं तर अजून खाली घे. पट्टी बघून ठरवायचं, व्हिडिओ बघून नाही. बाईचा आवाज असता, काळी चार-पाचचा, तर १२० काय १५० लाही काही बिघडलं नसतं.

कणकेचा_गोळा
मी पखवाज वाजवतो, मिक्सिंग फार येत नाही पण दोन गोष्टी सांगतो कारण रेकॉर्डिंगवाले आमच्याशी नेहमी याच दोन बाबतीत घोळ घालतात.

एक म्हणजे धुम्याला आपण कणीक लावतो, बरोबर? ती ओली असताना आस (ठोक्यानंतरचं घुमणं) खोल जाते, वाळत गेली की सूर चढतो. उन्हाळ्यात पंख्याखाली बसलात तर अर्ध्या-पाऊण तासात फरक कळतो. मग तुम्ही पहिल्या टेकचं ध्रुपद आणि शेवटच्या टेकचं चरण जोडता आणि म्हणता की पखवाजाचा आवाज बदलला, ईक्यू करू. तो ईक्यूने जुळत नाही. टेकच्या मध्ये कणीक ओली करून घेऊ द्या वाजवणाऱ्याला, आणि एडिट करायचं तर जवळजवळच्या टेकमधून करा.

दुसरी म्हणजे शाईच्या बाजूला जास्त प्रेम दाखवू नका, तिथे आधीच सगळं नेटकं असतं. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये आपल्या तालवाद्यांवर निबंध लिहिला होता त्यात हेच दाखवलं होतं की शाईच्या वजनामुळे कातड्याचे वरचे स्वर पटीत येऊन बसतात, पहिले पाच तर अगदी सुरेल. म्हणून पखवाज-तबला सुरात लागतो आणि साधा ढोल लागत नाही. तिथे ईक्यूने मध्येच एक खड्डा पाडला की सूर भोंगळ होतो. लोक स्नेअरसारखं ४०० ला कापतात आणि मग विचारतात की पखवाज डब्यासारखा का वाजतोय.

फेडरमामा
कणकेचा_गोळा, मस्त लिहिलंत. यातच फेजचं (दोन माइकमधल्या लाटा जुळतात की एकमेकींना खातात त्याचं) जोडतो. चिपळीवाला, दोन माइक दोन टोकांना लावलेत ना, तर धुम्याच्या ट्रॅकचं पोलॅरिटीचं (लाट उलटी करणारं) बटण दाबून बघ, रीपरमध्ये ट्रॅकवर ते शून्यावर रेघ मारलेलं चिन्ह आहे. थाप शाईवर पडली की ते कातडं आत जातं आणि आतली हवा धुम्याचं कातडं बाहेर ढकलते. म्हणजे एका माइकपासून कातडं लांब जातंय तेव्हाच दुसऱ्याकडे जवळ येतंय, दोन्ही ट्रॅक मोनोत एकत्र आले की खर्ज एकमेकांना खातात. बटण दाबल्यावर ज्या बाजूला पोट भरतं ती बाजू ठेव. मोनोतच तपास, स्टिरिओत हे लपून राहतं.

त्यातही पखवाज दोन फूट लांबीचा धरला तर एका बाजूचा आवाज दुसऱ्या माइकला पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. ते जुळवायला जाऊ नको. एक बाजू जुळवलीस की दुसरी बिघडते.

एडिसनकर
नमस्कार, न्यू जर्सीहून. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मीच मिक्स करतो म्हणून धागा वाचतोय. माझा प्रश्न थोडा पुढचा आहे, शेवटी लाउडनेस किती ठेवायचा? मी लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावून माइनस ९ एलयूएफएसपर्यंत (एलयूएफएस म्हणजे लाउडनेसचं माप) नेतो, सिनेमातल्या गाण्यांच्या शेजारी वाजवलं की तेवढं तरी हवंच वाटतं.

फेडरमामा
काही उपयोग नाही हो. यूट्यूब आणि स्पॉटिफाय माइनस १४ ला आणून ठेवतात, अ‍ॅपल माइनस १६ ला. तुमचं माइनस ९ तिथे ५ डीबी खाली येणार, आणि तोपर्यंत लिमिटरने टाळाच्या प्रत्येक ठोक्यावर आवाजाची मान मुरगळलेली असणार ती तशीच राहणार. टाळाचं टोक फार अणकुचीदार असतं, लिमिटर पहिला त्यालाच धरतो आणि त्याच्याबरोबर आवाज, पेटी, तानपुरा सगळं क्षणभर खाली दाबतो. ऐकताना टाळाबरोबर बुवा श्वास घेतल्यासारखे हलतात. माइनस १४ च्या आसपास थांबा, ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वात उंच टोक) माइनस १. तो एक डीबी सोडायचा कारण फाइल एएसीत (दाबून लहान केलेल्या ऑडिओ फाइलीत) जाताना टोकं थोडी वर उसळतात.

ब्रासबँड_बारामती
मामा, तुमचं पुस्तकी झालं हे. स्पॉटिफायवर अभंग कोण ऐकतं आमच्याकडे? फाइल जाते व्हॉट्सअ‍ॅपवर, तिथून पेनड्राइव्हवर, तिथून देवळातल्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि भोंग्याला. तिथे कुणी नॉर्मलाइज (सगळ्या गाण्यांची लेव्हल सारखी) करत नाही. आधीचं गाणं संपलं आणि तुमचं माइनस १४ वालं सुरू झालं की आवाज वाढवायला माणूस उठतो, आणि मग पुढच्या गाण्याला सगळ्यांचे कान फुटतात. मी माइनस १० च्या खाली काही देतच नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते मोठ्या आवाजाचे देतं.

फेडरमामा
पेनड्राइव्हचं खरं आहे, ते मान्य. मग दोन फाइली द्या ना, एक यूट्यूबला आणि एक पेनड्राइव्हला. आणि भोंग्यासाठी मास्टर करताय तर तिथे लाउडनेसपेक्षा हे बघा की भोंग्याला खाली ३०० च्या आसपास सगळं संपतं आणि तो मोनो असतो. स्टिरिओत रुंद केलेला कोरस तिथे अर्धा गायब होतो.

ब्रासबँड_बारामती
दोन फाइली दिल्या की गिऱ्हाईक चुकीचीच लावतं. असो. मी माइनस १० वरच आहे.

कोमल_रिषभ
मला आवाजाबद्दल लिहायचंय कारण इथे सगळे ताल-टाळातच रमलेत. मी गाते आणि स्वतःचं मिक्सही करते.

अभंगात बुवा एका ओळीत कुजबुजीपासून तार सप्तकातल्या पुकारापर्यंत जातात, त्या सगळ्याला एकच कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावला तर पुकार दबतो आणि कुजबुज तशीच राहते. म्हणून कॉम्प्रेसरच्या आधी क्लिप गेन. वेव्हफॉर्म बघत ओळ न् ओळ तोडायची, बारीक शब्द दोन-तीन डीबी वर, किंचाळल्यासारखं वाटतं ते खाली. कंटाळवाणं काम आहे, गाण्याला एक संध्याकाळ जाते, पण यानंतर कॉम्प्रेसरला करायला फार काही उरत नाही. मग मी ३ ला १ रेशो (किती दाबायचं), अटॅक (किती वेळात दाबायचं) १५-२० मिलिसेकंद, रिलीज (किती वेळात सोडायचं) शंभरच्या आसपास ठेवते आणि दाब दाखवणारी सुई तीन-चार डीबीच्या पुढे जाऊ देत नाही. अटॅक अगदी शून्याजवळ नेला तर शब्दाची सुरुवात खाल्ली जाते, 'विठ्ठल'मधला ठ्ठ मेणासारखा होतो.

डीएसर (सणसणारी व्यंजनं दाबणारं साधन) लावताना एक लक्षात ठेवा. इंग्रजी व्हिडिओत फक्त स आणि श चं सांगतात. आपल्याकडे चांगला, चोरी, जग, झरा यातले च ज झ पण तितकेच सणसणतात, दाताला जीभ लागते ना. कंडेन्सर माइक तोंडासमोर सरळ असेल तर ते स पेक्षा वाईट. मी ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये शोधून लावते, पण गाण्यात जिथे खुपतंय तिथेच, सगळ्या ट्रॅकवर जोरात लावलं तर बुवा बोबडे होतात.

आणि ऑटोट्यून प्लीज नको. मींड आणि आंदोलन म्हणजे त्याच्या दृष्टीने चुका, तो त्या पायऱ्या पायऱ्या करून सरळ करतो. एखादा सूर खरंच पडला असेल तर तेवढाच एक हाताने उचला.

रिव्हर्ब (मागे राहणारं गुंजन) : आवाज कोरडा नको पण गाभाऱ्यात कोंडल्यासारखाही नको. प्लेट प्रकारचा, दीड-पावणेदोन सेकंद, प्री-डिले (गुंजन सुरू व्हायच्या आधीचा थांबा) ४० मिलिसेकंदच्या आसपास म्हणजे शब्द आधी पोचतो आणि गुंजन मागून येतं. रिव्हर्बच्या चॅनलवर ६०० च्या खालचं आणि १० हजारच्या वरचं कापून टाका. अ‍ॅबी रोड या लंडनच्या स्टुडिओची जुनी युक्ती आहे ती, आपल्या अभंगालाही लागू पडते कारण खालचा गढूळपणा आणि टाळासारखी वरची सळसळ दोन्ही जाते. आणि टाळाला रिव्हर्बमध्ये पाठवूच नका, त्याला स्वतःचीच शेपटी पुरेशी असते. टेम्पोला बांधलेला डिले (लयीत येणारा प्रतिध्वनी) मात्र विसरा, क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवलेलं नाही, गजरात लय चढतेच, पाच ओळींनंतर डिले एकीकडे आणि पखवाज दुसरीकडे.

फेडरमामा
सगळं पटलं, फक्त पावणेदोन सेकंद मला जास्त वाटतो. १.२ च्या पुढे गेलं की मला त्या जुन्या भक्तिगीतांच्या कॅसेटी आठवतात, बुवा आळंदीत आणि रिव्हर्ब देहूत.

कोमल_रिषभ
त्या कॅसेटी ऐकून तर लोक रडायचे मामा.

नवखा_मुलगा
अंड्याचे ट्रे भिंतीला लावले तर घरातल्या रेकॉर्डिंगला फायदा होतो का? आमच्या इथे किराणावाला फुकट देतोय.

फेडरमामा
नको. पातळ पुठ्ठा आहे तो, वरचा थोडा आवाज शोषतो, खालचा सगळा आरपार, आणि पेटला तर भडकतो. खोलीतला खरा त्रास खाली असतो. चिपळीवालाची खोली दहा बाय दहा आहे, म्हणजे तीन मीटरच्या थोडी वर. समोरासमोरच्या दोन भिंतींत ५६ हर्ट्झची लाट नेमकी अडकते, मग ११२, मग १६८ अशी. चौकोनी खोली असल्यामुळे लांबीतही तीच आणि रुंदीतही तीच, दोन्ही एकावर एक. मधोमध बसलास तर ५६ जवळजवळ ऐकूच येत नाही, भिंतीला टेकून बसलास तर फुगलेलं. धुमा याच्याच आसपास घुमतो. तिथे बसून कितीही महागडा ईक्यू फिरव, तू खोली दुरुस्त करतोयस, पखवाज नाही.

गोधड्या, गाद्या, पुस्तकांची कपाटं यांनी मधला-वरचा आवाज निवतो, ते रेकॉर्डिंगला चांगलंच. चार इंची रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पॅनलने दोन-अडीचशे हर्ट्झपर्यंत फरक पडतो. ५६ ला त्याने हात लागत नाही. म्हणून खर्जाचे निर्णय हेडफोनवर घे आणि स्पीकरवर ऐकताना समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बस, ठोकताळाच आहे पण मधोमध बसण्यापेक्षा बरा.

चिपळीवाला
बसलो काल रात्री. टाळ मूळच्यापेक्षा बराच खाली आला आणि आश्चर्य म्हणजे खाली आला तरी आहे असं वाटतंच, गेला असं वाटत नाही. धुम्याचं पोलॅरिटीचं बटण दाबलं आणि बायको आतल्या खोलीतून म्हणाली आता काहीतरी झालं. गाडीत शब्द कळतायत.

आता दोन राहिलंय. एक, फोनवर पखवाज अजूनही नाही. दोन, पेटी. पेटीचा फेडर मी पार खाली केला तरी पेटी ऐकू येतेच आहे आणि ती बुवांच्या शब्दांवर बसते. आवाजाला ईक्यू लावला की पेटीचा रंग बदलतो. असं का होतंय?

फेडरमामा
थांब. पेटी कोण वाजवतंय?

चिपळीवाला
बुवाच. गातागाता. आणि पखवाजवाले समोर बसले होते, चार फुटांवर. एकत्रच घेतलं ते सगळं, टाळ आणि कोरस तेवढे नंतर.

फेडरमामा
अरे हे आधी सांगायचं ना राव, तू ट्रॅकची यादी दिलीस त्यावरून मला वाटलं वेगवेगळं घेतलंय. मग हिशोब बदलला.

पेटी बुवांच्या हनुवटीखाली, म्हणजे आवाजाच्या माइकमध्ये ती आहेच आणि राहणार. तिच्याशी भांडू नको. आवाजाचा माइक हाच तुझा मुख्य ट्रॅक, त्यात आवाज, पेटी आणि थोडा पखवाज असं सगळं आहे असं समजून चाल. पेटीचा वेगळा माइक अगदी चवीपुरता, जिथे बुवा थांबतात आणि पेटीचे तुकडे येतात तिथेच वर घे, गाणं सुरू झालं की परत खाली. हा ट्रॅक वर असताना मोनोत पोलॅरिटी तपास, तोंडापासून पेटीच्या माइकपर्यंत दोन फूट असेल तर पावणेदोन मिलिसेकंदाच्या उशिराने बुवा तिकडेही रेकॉर्ड झालेत, दोन्ही सारख्या लेव्हलला ठेवले की आवाज पाइपातून आल्यासारखा पोकळ होतो. पेटीचा माइक आठ-दहा डीबी खाली असला की तो पोकळपणा कळत नाही.

शब्दांवर पेटी बसते त्याला टीडीआर नोव्हा घे, फुकट आहे, डायनॅमिक ईक्यू, म्हणजे लागेल तेव्हाच दाबणारा. पण आवाजाच्याच ट्रॅकवर लावून पेटी दबणार नाही, ती बुवांबरोबर तोच सूर वाजवतेय. पेटीच्या माइकवर लाव, दोन-तीन किलोहर्ट्झवर, साइडचेन (कधी दाबायचं त्याचा इशारा) आवाजाच्या ट्रॅकची दे, म्हणजे बुवा गातात तेव्हाच तिथे तीन डीबी दबेल. पण खरं सांगू का, बुवांना चरणाला दोन बोटं कमी वाजवायला सांगणं याच्याइतका चांगला प्लगइन नाही. पेटीतले सुरांचे दोन्ही संच, नर आणि खर्ज, उघडे असतील तर चरणाला एक बंद. पुढच्या वेळी.

आणि पुढच्या वेळी माइक बुवांच्या समोर नाकाच्या रेषेत नको. पेटी आणि तोंड यांच्या मध्ये, खालून वर तोंडाकडे बघणारा. कार्डिऑइड माइक पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो, ती पाठ पेटीकडे करायची.

स्पूलवाला_आजोबा
तुमचा सगळा धागा वाचला. आम्ही तरुण होतो तेव्हा मुंबईत मेहबूब स्टुडिओत, ताडदेवच्या फेमस स्टुडिओत सबंध वाद्यवृंद आणि गायक एकत्र बसवून एका दमात घ्यायचे. नंतर फेडर हलवायला ट्रॅकच नसायचे, मग बॅलन्स कसा करायचे? माणसं हलवून. व्हायोलिन मागे सरका, बासरी अर्धा फूट पुढे या. माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाज ६ डीबीने उतरतो, हे गणित तेव्हा कुणी बोलून दाखवत नसे पण खुर्च्या सरकवून तेच चालायचं. आणि नुसता कमी होत नाही, लांबून घेतलेल्या टाळाची धार पण बोथट होते, ती तुमच्या शेल्फने बोथट केलेल्यापेक्षा कानाला जास्त बरी लागते.

टाळाचे दोन्ही ट्रॅक परत घ्या. खोलीच्या दारात उभं करा टाळकऱ्याला, माइक आत. सगळ्या दुरुस्त्या वाचतील.

चिपळीवाला
आजोबा, दारात! हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी घेतो.

कोमल_रिषभ
फोनच्या स्पीकरचं राहिलं. तो बिचारा दोनशे हर्ट्झच्या खाली काही वाजवूच शकत नाही, तू धुम्याला ८० वर कितीही चढव, फोनवर शून्य, आणि गाडीत मात्र डिकी हलेल. त्याऐवजी धुम्याच्या ट्रॅकवर सॅचुरेशन (आवाज मुद्दाम किंचित फाटवणारं साधन) लाव, रीपरमधलंच कुठलं तरी चालेल. ८० च्या सुराला १६०, २४०, ३२० अशी पिल्लं निघतात, ती फोनवर ऐकू येतात आणि मूळ सूर नसला तरी कान तो मनाने भरून घेतो. अंगात आल्यासारखं जोरात नको, मिक्समध्ये लावलंय हे कळलं नाही पाहिजे, बंद केल्यावर कळलं पाहिजे. आणि शाईच्या ट्रॅकला दोन-अडीच किलोहर्ट्झवर अगदी थोडं, एक-दीड डीबी, बोटाचा ठोका कळेल.

तानपुऱ्याचंही तसंच, म्यूट केल्यावर खोली रिकामी वाटली पाहिजे आणि चालू असताना आहे हे लक्षात येऊ नये. अ‍ॅपचा तानपुरा असेल तर त्याला वर ६-७ किलोहर्ट्झच्या पुढे कापा, नाहीतर तोही टाळाच्या बाजूने उभा राहतो.

एडिसनकर
कोरसचं काय करता? मी तीन ट्रॅक डावीकडे-उजवीकडे पूर्ण फेकतो.

फेडरमामा
एक डावीकडे, एक उजवीकडे, पूर्ण नाही, साठ-सत्तर टक्के, तिसरा मध्ये पण खाली. एकाच ट्रॅकची कॉपी करून वीस मिलिसेकंद सरकवून रुंद करतात ना, ते करू नका, भोंग्यावर मोनो झालं की पोकळ ऐकू येतं. परत एकदा म्हणायला लावा, भजनी मंडळाला कंटाळा थोडाच आहे गायचा.

बिनपगारी_रसिक
फी अजून आली नाही.

चिपळीवाला
रविवारचं झालं. टाळकरी दारात उभा केला, शेजारच्या काकू विचारायला आल्या कसला सप्ताह आहे. टाळाला आता ईक्यूच लावला नाहीये, नुसता हाय-पास. एकच ट्रॅक ठेवला, गजराला दुसरा. धुम्याला सॅचुरेशन लावलं, फोनवर पखवाज आला, फार नाही पण ठेका कळतो. आता माइनस १४ ला बसवून दोन फाइली काढतोय, पेनड्राइव्हवाल्या फाइलला नावातच 'देऊळ' लिहिलंय म्हणजे गोंधळ नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना काही काळजी घ्यायची का?

ब्रासबँड_बारामती
डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे फाइल आहे तशी जाते. व्हिडिओला जोडून पाठवलीस की दाबून पातळ करतं. आणि देऊळवाली माइनस १० ला काढ, ऐक माझं.

नवखा_मुलगा
ढोलकीसाठी पण हेच सगळं लागू होतं का? आमची लावणीची पार्टी आहे, ढोलकी आणि कडं एकत्र घेतलंय एका माइकवर, आवाज चिरका येतोय.

फेडरमामा
ढोलकीचा नवीन धागा काढ, इथे नको. त्यात माइक शाईपासून किती इंचावर होता आणि कडं वाजवणारा कुठे उभा होता ते आधी लिही.